सोळाव्या वर्षी स्ट्रायकर? बातिस्तुताचं उदाहरण घेण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलगा सोळा वर्षांचा, उंची पाच फूट अकरा. चौथीपासून व्हॉलीबॉल खेळला, गेल्या वर्षी मित्रांच्या नादानं फुटबॉलला लागला. फटका असा की गोलरक्षक आधी स्वतःला वाचवतो, मग गोल. पण चेंडू पायात खेळवता येत नाही आणि अंगानं जरा जड आहे. क्लबचे प्रशिक्षक त्याला कधी डाव्या कडेला तर कधी बॅकला, म्हणजे मागे बचावाला, उभा करतात. त्यानं कुठेतरी वाचलंय की अर्जेंटिनाचा गॅब्रिएल बातिस्तुता शाळेत बास्केटबॉल खेळायचा, जाड होता, उशिरा आला आणि तरी देशासाठी ५६ गोल मारून गेला. म्हणून आता यालाही स्ट्रायकर, म्हणजे पुढे उभा राहून गोल मारणारा, व्हायचंय. तुमचे प्रश्न दोन : उशीर झालाय का, आणि रोज किती शॉट मारावेत? शिवाय अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की उजवा घोटा अधूनमधून दुखतो, पट्टी बांधून खेळतो.

त्या शेवटच्या ओळीवर मी शेवटी येणार आहे. ती तुम्ही सहज लिहिलीत, पण मला सगळ्या पत्रात तीच टोचली.

मी कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवतो, पंचवीस वर्षं होत आली. त्याआधी पेठेच्या संघातून सेंटर फॉरवर्ड खेळायचो. बातिस्तुता हा माझा जुना नाद. २१ जून १९९४ ला रात्री दहा वाजता शेजाऱ्यांच्या टीव्हीवर अर्जेंटिना-ग्रीस सामना लागला. आम्ही सगळे मॅराडोनाला बघायला बसलो होतो. दुसऱ्याच मिनिटाला लांब केसांच्या एका गड्यानं गोल मारला, शेवटच्या मिनिटाला पेनल्टीवर तिसरा मारून हॅटट्रिक पुरी केली. सामना ४-० सुटला. मॅराडोनाचा गोल आणि कॅमेऱ्यासमोरची त्याची ती आरोळी सगळ्यांच्या लक्षात राहिली, माझ्या डोक्यात मात्र तो दुसराच बसला. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात थोडं वेड आहे, ते वजा करून वाचा.

आधी एक दुरुस्ती. ५६ हा जुना आकडा. त्यातले दोन गोल अधिकृत धरले जात नाहीत, म्हणून आता ७७ सामन्यांत ५४ असं मोजतात. आकडा कमी झाला म्हणून वाईट वाटायचं कारण नाही. मेस्सीला तो ओलांडायला २०१६ उजाडलं.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. बातिस्तुता 'उशिरा' आला हे अर्धंच खरं. जन्म १ फेब्रुवारी १९६९, सांता फे प्रांतातल्या आवेयानेदाचा, वाढला शेजारच्या रेकोन्किस्तात. उंचीमुळे शाळेत बास्केटबॉल खेळायचा, हे बरोबर. पण १९७८ साली अर्जेंटिनानं घरच्या मैदानावर विश्वचषक जिंकला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, आणि त्या संघातल्या मारिओ केम्पेसचे गोल बघून फुटबॉलकडे वळला. पुढची सगळी वर्षं तो गल्लीत, छोट्या क्लबांत खेळतच होता. उशीर झाला तो मोठ्या क्लबात शिरायला. त्याच्या रेकोन्किस्ताच्या संघानं प्रांताच्या स्पर्धेत रोसारिओच्या न्यूवेल्स ओल्ड बॉईजच्या पोरांना हरवलं, त्यात याचे दोन गोल होते, आणि हरलेल्या क्लबानंच मग त्याला उचललं. न्यूवेल्सकडून तो १९८८ मध्ये खेळू लागला, म्हणजे एकोणीस वर्षांचा असताना.

तेव्हा तुमचा मुलगा आणि तो एका मापाचे नाहीत. त्याच्या पायाला चेंडूची सवय होती, शिस्तीची नव्हती. तुमच्या मुलाचं उलट आहे. व्हॉलीबॉलनं शिस्त, उडी आणि वेळ साधणं दिलंय, चेंडूची सवय एकाच वर्षाची आहे. हे वाईट नाही, पण वेगळं आहे, आणि कामही वेगळं लागणार. किती पुढे जाईल हे मी इथून सांगू शकत नाही. मुलगा अजून उंच होतोय का, आठवड्यात किती दिवस मैदान मिळतं, दहावी-बारावीचं काय, जवळपास कुठल्या पातळीचे सामने होतात, यावर ते अवलंबून आहे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'होईल' म्हणणारा प्रशिक्षक भेटला तर फी किती हे आधी विचारा.

मग बातिस्तुताकडून घ्यायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. त्याला कुठे उभं केलं, त्यानं काय घोटलं, आणि त्याची किंमत काय मोजली.

जाडपणाचं आधी उरकतो. रोसारिओत तो घरापासून, प्रेयसीपासून दूर, स्टेडियममधल्याच एका खोलीत राहायचा. वजन वाढलं होतं. तिथे त्याला भेटला मार्सेलो बिएल्सा, जो तेव्हा तरुण होता आणि आज जगभरचे प्रशिक्षक ज्याचं नाव घेतात. त्यानं याचं गोडधोड बंद केलं आणि धावायला लावलं. इतकंच. वजन ही आपल्याकडे फार मोठी चर्चा असते, खरं तर ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे. सोळा वर्षांच्या पोराचं वजन मैदानावर आपोआप उतरतं, वडापाव आणि कोल्ड्रिंक तेवढं आवरा. उपाशी ठेवू नका.

आता जागेबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या मुलाचा खरा घोळ इथेच दिसतो.

न्यूवेल्सनंतर १९८९ मध्ये तो ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेटमध्ये गेला. देशातल्या सगळ्यात मोठ्या क्लबांपैकी एक. थोडे दिवस बरे गेले, मग तिथे प्रशिक्षक म्हणून आला डॅनियल पासारेला. आणि गंमत बघा, ज्या १९७८ च्या विजयानं हा पोरगा फुटबॉलकडे वळला त्या संघाचा कप्तान हाच पासारेला. त्यानं याला बाहेर बसवलं. वर्ष फुकट गेलं. हा उठून सरळ कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, बोका ज्युनियर्सकडे गेला. कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको, एका पेठेतनं दुसऱ्या पेठेच्या संघात गेलेल्या गड्याला चहाच्या टपरीवर काय काय ऐकावं लागतं ते आम्ही जाणतो. बोकातही सुरुवातीला जमेना. मैदानाच्या कडेला, लाइनीजवळ खेळत होता.

जानेवारी १९९१ मध्ये तिथे उरुग्वेचा ऑस्कर तबारेझ प्रशिक्षक झाला. त्यानं याला मधोमध, गोलसमोर उभं केलं. खेळाडू तोच, पाय तेच, फटका तोच. सहा महिन्यांत हा लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणारा झाला. त्याच जुलैत चिलीत कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा झाली, तिथे ६ गोल, पुन्हा सर्वाधिक, आणि अर्जेंटिना विजेता. ते बघून इटलीच्या फिओरेन्तिनानं त्याला नेलं. वर्षभरापूर्वी बाकावर बसलेला गडी.

तेव्हा पासारेला मूर्ख होता असं मी म्हणत नाही. प्रशिक्षकाला त्या दिवशीचा संघ दिसतो, खेळाडूचं पुढचं आयुष्य नाही. मीही असल्या चुका केल्यात. दहा-बारा वर्षांपूर्वी कागलकडचा एक पोरगा माझ्याकडे आला. कबड्डी खेळणारा, मांड्या खांबासारख्या. मी त्याला दोन हंगाम बॅक खेळवला, कारण मला बॅक हवा होता. एका सामन्यात आमचा फॉरवर्ड जखमी झाला, बाकावर दुसरं कोणी नव्हतं म्हणून याला पुढे ढकलला. वीस मिनिटांत त्यानं दोन गोल मारले, दोन्ही डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या, आत, दोन्ही एका टचमध्ये. घरी जाताना मला स्वतःचाच राग आला. कबड्डीत चढाईला गेलेला माणूस सात जणांच्या मध्ये अंग चोरून जागा काढतो. तेच तो डीमध्ये करत होता, आणि मी त्याला दोन वर्षं स्वतःच्या गोलसमोर पहारेकरी करून ठेवलं होतं.

तुमच्या मुलाला डाव्या कडेला उभा करणं मला म्हणूनच पटत नाही. कडेला खेळणाऱ्याला समोरच्याला चकवावं लागतं, चेंडू पायात ठेवून पळावं लागतं. त्याला नेमकं तेच येत नाही. रोज त्याला न येणारी गोष्ट करायला लावायची आणि मग म्हणायचं, येत नाही! पण प्रशिक्षकांशी भांडू नका. मुलाला स्वतःला जाऊन बोलू दे : 'सर, सरावातल्या सामन्यात शेवटची पंधरा मिनिटं मला मध्ये खेळवाल का?' एवढंच. बापानं लाइनीवरून ओरडण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

व्हॉलीबॉलचा फायदा कुठे होतो तेही सांगतो. हवेतून येणारा चेंडू कुठे पडेल हे व्हॉलीबॉलवाल्याला आधी कळतं. दोन पावलं घेऊन उडी कधी मारायची हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. कडेवरून गोलच्या लांबच्या खांबाजवळ उंच क्रॉस येतो तेव्हा हेच कौशल्य लागतं. २००२ च्या विश्वचषकात नायजेरियाविरुद्धचा एकमेव गोल आठवा : व्हेरॉनचा कॉर्नर सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि मागच्या बाजूला बातिस्तुता हेडर मारायला मोकळा उभा होता. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता, पळण्यात कोणाला मागे टाकलं नसतं, पण चेंडू कुठे उतरणार हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या मुलाला आधी हे शिकवा. यूट्यूबवरचे चकवे नंतर.

आता घोटण्याबद्दल, म्हणजे तुमचा 'रोज किती शॉट' हा प्रश्न.

बातिस्तुता चकवणारा खेळाडू नव्हता. चेंडू घेऊन पाच जणांना गुंडाळणं हे त्याचं काम नव्हतं आणि त्यानं ते करायचा हट्टही धरला नाही. त्याचं काम दोन टचचं. एक टच जागा करायला, दुसरा मारायला. बऱ्याचदा पहिलाही नाही. १९९३ च्या कोपा अमेरिकेच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोविरुद्ध दोन्ही गोल त्याचे, २-१. दुसरा गोल मी पोरांना नेहमी दाखवतो : साधा थ्रो-इन, चेंडू अंगावर घेतला, बचावपटूला पाठीवर ठेवून वळला आणि डाव्या पायानं खालून कोपऱ्यात. उजव्या पायाचा माणूस, पण डावा पाय नुसता उभं राहायला ठेवलेला नव्हता.

दुसरा दाखवतो तो २७ ऑक्टोबर १९९९ चा, वेम्बलीवर आर्सेनलविरुद्ध. चॅम्पियन्स लीग. उजव्या बाजूला चेंडू मिळाला, त्यांच्या बचावपटू विंटरबर्नला बाहेरच्या बाजूनं मागे टाकलं, आणि आता कोन इतका अरुंद की शहाणा माणूस मागे पास देईल. यानं तिथूनच मारला, तो गोलरक्षक सीमनच्या डोक्यावरून पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात. १-०. पोरं 'पॉवर, पॉवर' करतात. मी व्हिडिओ थांबवतो आणि सांगतो, फटक्याचा पाय बघू नका, दुसरा बघा. टेकलेला पाय चेंडूच्या अगदी शेजारी, गुडघा वाकलेला, छाती चेंडूवर झुकलेली. फटका टेकलेल्या पायातून येतो. मारणारा पाय फक्त निरोप पोचवतो.

हे करून बघायला खर्च नाही. गांधी मैदानावर सकाळी मी हेच करतो. चेंडूच्या शेजारी वीतभर अंतर सोडून माझी चप्पल ठेवतो, टाच चेंडूच्या मध्याशी येईल अशी. पोरानं धावत यायचं आणि टेकायचा पाय चपलेवर पडला पाहिजे. सुरुवातीला सगळ्यांचा पाय मागे पडतो, म्हणून चेंडू वर उडून पार रस्त्यावर जातो आणि पुढची पाच मिनिटं चेंडू आणण्यात जातात. आठवडाभरात पाय जागेवर पडायला लागतो, चेंडू खाली राहतो. मग चप्पल काढतो. चपलेची वाट लागते, पण दीडशे रुपयांत एवढा चांगला साहाय्यक मिळत नाही.

संख्येचं म्हणाल तर सोळा वर्षांच्या मुलानं पूर्ण ताकदीचे तीस-चाळीस शॉट, आठवड्यातून तीन दिवस. त्यापुढे पाय थकतो, ढब बिघडते आणि बिघडलेली ढबच पाठ होते. बाकीचा वेळ कमी ताकदीत : पासवर एका टचमध्ये गोल, डाव्या पायानं, हेडर, वळून मारणं. आणि दर वेळी धाव सुरू करताना बचावपटूच्या मागून सुरू करायची, त्याच्या डोळ्यांसमोरून नाही. हे घोटलं की ड्रिबलिंगची उणीव बरीच झाकली जाते.

बरीच, सगळी नाही. चेंडू आणून देणारा कोणीतरी लागतो. फिओरेन्तिनात याला पोर्तुगालचा रुई कोस्टा मिळाला, १९९४ मध्ये. त्याच हंगामात बातिस्तुतानं लीगच्या पहिल्या ११ सामन्यांत सलग गोल मारले. इटलीत तीस वर्षं टिकलेला विक्रम मोडला आणि २६ गोलांवर हंगाम संपवला, लीगमध्ये सर्वाधिक. ही नव्वदच्या दशकातली इटालियन लीग, जिथे बारेसी-माल्दिनीसारखे बचावपटू होते आणि ०-० हा सन्मानाचा निकाल मानत. तुमच्या मुलाला सांगा, मिडफिल्डमधल्या ज्या पोराला चांगला पास देता येतो त्याच्याशी दोस्ती करायची. सरावानंतर दहा मिनिटं दोघांनीच थांबायचं. मी थट्टा करत नाही.

फिओरेन्तिनातली निष्ठा वगैरे यावर लोक फार लिहितात, मी थोडक्यात आटपतो. १९९३ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. त्या हंगामात याचे स्वतःचे १६ गोल होते, कुठेही जाता आलं असतं. थांबला, प्रशिक्षक रानिएरीच्या हाताखाली सेरी बी, म्हणजे ती खालची श्रेणी, खेळला, तिथेही १६ मारले आणि संघ परत वर आला. लोकांनी स्टेडियममध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभा केला. पण नऊ वर्षांत कप म्हणाल तर १९९६ चा कोप्पा इतालिया हा इटलीचा कप आणि त्याच वर्षी मिलानला त्यांच्याच मैदानावर हरवून घेतलेला सुपरकप, ज्यात दोन्ही गोल याचे. लीग नाहीच. १९९८-९९ मध्ये अर्ध्या हंगामापर्यंत संघ पहिला होता. फेब्रुवारीत मिलानविरुद्ध हा जखमी झाला, दुसरा फॉरवर्ड एडमुंडो कार्निव्हलसाठी ब्राझीलला निघून गेला आणि संघ तिसरा आला. एका माणसाच्या पायावर अख्खा संघ उभा असला की असं होतं. आमच्याकडेही दरवर्षी होतं, फक्त कार्निव्हलच्या जागी लग्नसराई असते.

२००० साली, एकतिसाव्या वर्षी, रोमानं ७० अब्ज लिरा मोजून त्याला घेतलं. नोव्हेंबरमध्ये फिओरेन्तिना रोमात खेळायला आली. सामना संपत आला तरी ०-०. ८३व्या मिनिटाला चेंडू उसळून समोर आला आणि यानं लांबून, हवेतूनच, जाळीत घातला. बाकीचे अंगावर पडले, हा मध्ये उभा राहून रडत होता. त्या हंगामात २० गोल केले. १७ जून २००१ ला पार्माला ३-१ हरवून रोमानं लीग जिंकली, त्यातही एक गोल याचा. इटलीच्या पहिल्या श्रेणीत एकूण १८४ गोल आहेत, त्यातले १५२ एकट्या फिओरेन्तिनासाठी.

विश्वचषकाचे आकडे मुलाला आवडतील म्हणून देतो : तीन स्पर्धा, १२ सामने, १० गोल. १९९४ मध्ये ग्रीसविरुद्ध आणि १९९८ मध्ये जमैकाविरुद्ध, अशा दोन वेगवेगळ्या विश्वचषकांत हॅटट्रिक करणारा तो एकटाच. जमैकाविरुद्धची तर ७३ ते ८३ अशा दहा मिनिटांतली. तोवर तासभर काय करत होता? योग्य जागी उभा राहत होता. स्ट्रायकरच्या आयुष्यात हा तासभर मोठा कठीण असतो. १९९८ चा प्रशिक्षक कोण होता माहीत आहे? पासारेलाच. रिव्हरमध्ये बसवलेलं, राष्ट्रीय संघात लांब केसांवर बंदी घातलेली, पात्रता फेरीत काही काळ बाहेर ठेवलेलं, आणि शेवटी यालाच घेऊन जावं लागलं. ५ गोल झाले. मुलाला बाकावर बसवलं की ही गोष्ट सांगा. अर्जेंटिनासाठी विश्वचषकात सर्वाधिक गोलांचा हा विक्रम २०२२ पर्यंत टिकला. आमच्याकडे त्या डिसेंबरात चौकाचौकात मेस्सीचे फलक लागले होते, क्रोएशियाविरुद्ध त्यानं अकरावा मारला तेव्हा फटाके वाजले. मेस्सीचा दहा नंबर घातलेल्या एका पोराला मी विचारलं, आधीचा विक्रम कोणाचा होता रे? म्हणाला, मॅराडोनाचा. चालायचंच.

२००२ चा शेवट मात्र मला अजून बघवत नाही. प्रशिक्षक होता तोच जुना बिएल्सा, ज्यानं रोसारिओत याचं वजन उतरवलं होतं. १२ जूनला, आपल्याकडे भर दुपारी बारा वाजता, स्वीडनविरुद्ध १-१. ५८व्या मिनिटाला याला काढून क्रेस्पोला आत पाठवलं होतं. अर्जेंटिना पहिल्याच फेरीत बाहेर पडली. बाकावर बसलेल्या बातिस्तुताचा तो रडवेला चेहरा... मी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. पुढे थोडा काळ इंटर मिलान, मग कतारचा अल-अरबी. तिथे २००३-०४ मध्ये १८ सामन्यांत २५ गोल मारून लीगचा विक्रम मोडला. २००५ मध्ये खेळ थांबवला.

आणि आता तुमची शेवटची ओळ.

खेळ थांबवल्यानंतर बातिस्तुताला चालता येईना. हे त्यानं स्वतः २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितलं. घोट्यांतली कूर्चा झिजून गेली होती, हाडावर हाड घासत होतं आणि त्यावर ऐंशीहून जास्त किलो वजन. रात्री लघवीला उठायचं तर बाथरूम तीन पावलांवर, पण पाय टेकवण्याच्या कल्पनेनं तो अंथरुणातच करत असे. डॉक्टरांकडे जाऊन म्हणाला, माझे पाय कापून टाका. कृत्रिम पायांवर धावणारा पिस्टोरियस त्यानं पाहिला होता, तेच बरं वाटलं. डॉक्टरांनी अर्थातच ऐकलं नाही. पुढे शस्त्रक्रिया झाल्या, २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका घोट्यात कृत्रिम सांधा बसवला. कारण त्यानंच सांगितलंय : दुखापत पुरती बरी व्हायच्या आधी मैदानात उतरायचो.

मी डॉक्टर नाही. पण इंजेक्शन घेऊन खेळलोय. एका उपांत्य सामन्याच्या आधी घोटा सुजलेला, संघातल्याच कोणीतरी 'सोय' केली. नव्वद मिनिटं काही कळलं नाही, आम्ही जिंकलो, खांद्यावर बसून घरी गेलो. तिसऱ्या दिवशी पाय बुटात जाईना. अंतिम सामना मी काठीवर टेकून बघितला. आज जोतिबाच्या पायऱ्या मी आडवा होऊन उतरतो, खेकड्यासारखा. वेदना होते तेव्हा शरीर थांब म्हणत असतं. इंजेक्शन फक्त तो आवाज बंद करतं, आतली मोडतोड चालूच राहते.

पट्टीचंही तसंच. मुरगळून बऱ्या झालेल्या घोट्याला आधार म्हणून पट्टी ठीक. दुखणाऱ्या घोट्याला गप्प करायला नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. व्हॉलीबॉलमध्ये जाळ्यापाशी उडी मारून दुसऱ्याच्या पायावर उतरल्यानं घोटा मुरगळतो, हे नेहमीचं. जुनी मुरगळ नीट बरी न होता त्यावर फुटबॉलचं वळणं, थांबणं आणि आपल्याकडची दगडासारखी मैदानं आली असतील. आणि जोरात फटका मारणाऱ्याचे दोन्ही घोटे भार खातात, एक मारताना, एक टेकताना.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी अस्थिरोगतज्ज्ञ, जमलं तर खेळाडूंना बघणारा. एक्स-रे लागेल की नाही ते तो ठरवेल. तोवर शॉटचा सराव बंद, सामने बंद. तो चिडेल, चिडू दे. डॉक्टरांनी मोकळं केल्यावर पहिले काही आठवडे फिजिओ सांगेल ते व्यायाम, आणि त्याची परवानगी असेल तर दात घासताना एका पायावर उभं राहणं, दोन्ही पाय आळीपाळीनं. हसू येईल, पण मुरगळलेल्या घोट्याचा गेलेला तोल यानंच परत येतो. मग चपलेचा सराव, निम्म्या ताकदीत. मग पूर्ण फटका. मध्ये खेळायचं की कडेला, ते त्याच्याही नंतर.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला तीन गोष्टी कळवा. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना दुखतं का. सूज बाहेरच्या बाजूला येते की पुढे, नडगी जिथे पायाला मिळते तिथे. आणि उजव्या पायाचा फटका मारताना दुखतं, की डाव्यानं मारताना उजवा टेकतो तेव्हा. शक्य असेल तर त्याचे चार-पाच फटके बाजूनं मोबाइलवर काढलेले पाठवा, पण आत्ता मुद्दाम मारायला लावू नका, जुने असतील तर बघा. चेंडू कुठे गेला ते दिसलं नाही तरी चालेल, टेकलेला पाय दिसला पाहिजे.